गार्टन, गोर्ड आणि सरांची वाडी

डहाणूत आमच्या सरांची एक गोष्ट अजून सांगतात. ती अशी. सरांच्या चिकूच्या वाडीतून जाणाऱ्या पायवाटेवरून तंटा झाला. मामलेदार स्वतः पाहणीला आले आणि त्यांनी सरांना विचारलं, "ही वाट जुनी की नवी?" त्यावर सरांनी घसा खाकरला आणि 'गार्टन' या जर्मन शब्दाची कुळकथा सुरू केली. जर्मनीहून ते स्वीडनला गेले, तिथून इंग्लंडला आले, आणि डहाणूला परत पोचेपर्यंत मामलेदारांची जीप निघून गेली होती. वाडीचा सौदा मोडला, सख्खा भाऊ दुरावला, आणि सर आपले 'यार्ड'पाशीच उभे.

गोष्ट चांगली आहे. लग्नांत, निरोपसमारंभांत ती सांगतात; एकदा तर तलासरीच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारच्या माणसाने ती मलाच सांगितली. तिच्यात खोट एवढीच की त्या दिवशी सरांनी जर्मन शब्द एकही उच्चारला नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण पंच म्हणून मी तिथे होतो, आणि गोष्टही मीच रचली.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझाही भरवसा नाही. म्हणून सर जसे होते तसे एकदा लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी भूगोल शिकवायला डहाणूच्या हायस्कुलात लागलो. सर तिथे इंग्रजी शिकवत. आशागडच्या रस्त्याला त्यांची वाडी होती, वाडीत कौलारू घर, आणि घराच्या मागची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. पहिल्याच संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. सर मला शाळेच्या वेळा सांगत होते. मध्येच थांबून ते मोठ्याने "बरं" म्हणाले आणि पुन्हा वेळा सांगू लागले. थोड्या वेळाने पुन्हा "बरं". समोर कोणी नव्हतं. मी सरांच्या बायकोकडे, वहिनींकडे पाहिलं, तर त्या शांतपणे तांदूळ निवडत होत्या. मनात म्हटलं, दुसरी खोली बघावी लागणार.

नंतर उलगडा झाला. वाडीच्या मागे एक पाडा होता. पाड्यावरच्या बायामाणसांची मोठ्या रस्त्याकडे जायची वाट सरांच्या वाडीतून जायची. वाडीला चारी बाजूंनी करवंदाची आणि शेराची दाट वई, म्हणजे कुंपण. आणि वाट जिथे वईला छेदे तिथे दोन्हीकडे झापा, म्हणजे बांबूचं हलकं फाटक. जाणाऱ्याने झापा मागे लावून घ्यायचा, नाहीतर बकऱ्या आत शिरतात. लावला की ओरडून "लावला" म्हणायचं. सर घरातून "बरं" म्हणायचे. माझे कान सरावलेले नव्हते म्हणून मला फक्त "बरं" ऐकू येत होतं. पुढे मला "लावला" ऐकू यायला लागलं, आणि एकदा सर घरी नसताना मीच "बरं" म्हणालो. वहिनी आतून हसल्या. "लो, आ पण गया," म्हणाल्या, म्हणजे घ्या, हाही गेला कामातून. वहिनी उंबरगावच्या. त्यांचं बोलणं अर्धं गुजरातीत सुरू होऊन मराठीत संपायचं, कधी उलटं.

सरांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असायची. तिच्यात एक कोयता आणि एक जर्मन शब्दकोश. कोयता वई छाटायला. शब्दकोश कशाला, हे विचारायची चूक प्रत्येक नवा माणूस एकदा करायचा. मीही केली.

तरुणपणी सर मुंबईला शिकायला होते. जर्मनीला जायचं मनात होतं, म्हणून संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकले. वडील आजारी पडले, वाडी बघायला कोणी नाही, सर परत आले. जर्मनी राहून गेली, भाषा मात्र अगदीच गेली नाही. तिच्यातला एक शब्द त्यांच्याबरोबर आला आणि घरातच राहिला. गार्टन, म्हणजे बाग.

"इंग्रजीत गार्डन," मी म्हणालो होतो. मला वाटलं, संपलं.

"आणि यार्ड," सर म्हणाले. "दोघं भाऊ आहेत. एक फ्रेंचांकडे वाढून आला, एक घरीच राहिला. आणि ऑर्चर्ड. त्याच्या शेपटातही यार्डच आहे. माझ्या या वाडीला इंग्रजीत काय म्हणाल? ऑर्चर्ड. आपल्या स्टेशनात वॅगन उभ्या राहतात, ते काय? यार्ड. चिकूही त्यात आणि वॅगनही त्यात. का?"

मला माहीत नव्हतं.

"कारण शब्द आतल्या वस्तूचा नाही. भोवतालच्या कुंपणाचा आहे. आईसलँडमध्ये जा, तिथे तो अजून कुंपण आहे, भिंत आहे. जर्मनीत त्या कुंपणात झाडं आली, बाग झाली. स्वीडनमध्ये घर, गाय, शेत सगळं आलं, त्याला ते गोर्ड म्हणतात. गॉथिक भाषेत तर सरळ घर. माणसाने आधी कुंपण घातलं, आणि मग आत काय ठेवायचं याचा हजार वर्षं विचार केला."

"अहो, चा ठरी गई," वहिनी म्हणाल्या. चहा नेहमीच गार व्हायचा.

आमचे संस्कृतचे शिक्षक या विषयावर सरांना छेडायला टपलेले असत. "म्हणजे आपली वाडीच ना ती, सर? वाडी, गार्टन. सगळं इथूनच गेलंय."

सर एरवी मवाळ. इथे मात्र त्यांचा आवाज चढायचा. "नाही. तुमचं गृह त्या कुळातलं असावं असं जाणकार म्हणतात, ते घ्या. वाडी नाही. वाडी वाटिकेच्या घरची. वेगळं कूळ. पण गंमत बघा, वहिनींच्या गुजरातीत वाड म्हणजे कुंपण आणि वाडी म्हणजे बाग. म्हणजे कुळं वेगळी, पण दोघांनी तेच केलं. हे जास्त मोठं नाही का? तुम्हाला सगळी माणसं आपल्याच आत्याची लागतात."

स्वतःच्या बायकोला ते "वहिनी" म्हणत, कारण स्टाफरूममध्ये सगळे तसंच म्हणत. याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

या शब्दापायी ते कुठेही अडून बसायचे. बाजारात कापडाचं दुकान होतं. मीटर येऊन किती वर्षं झाली होती, पण म्हातारे शेठ अजून यार्डात बोलायचे. सर लेंग्याचं कापड घ्यायला गेले.

"किती यार्ड देऊ सर?"

"शेठ, हा यार्ड तो यार्ड नाही."

"कयो? कुठला?"

"तुमचा यार्ड म्हणजे काठी. जुन्या इंग्रजीत काठीला तसं म्हणायचे, काठीने मोजायचे. माझा यार्ड म्हणजे कुंपण. दिसायला सारखे, नातं काही नाही."

शेठनी कैची खाली ठेवली. "सर, लेंगो शिववायचा आहे ना? का वाडीला बांधायचा आहे?"

सर हे स्वतः सांगून हसायचे. ही गोष्ट मी रचलेली नाही.

एकदा डहाणू रोड स्टेशनच्या चहाच्या टपरीवर एक उंच, गोरा परदेशी माणूस दिसला. इराण्यांच्या चिकूच्या वाड्या बघायला कोणीतरी पाहुणा आला होता. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि नाव नाही, गाव नाही, थेट विचारलं की तुमच्या भाषेत घराभोवतीच्या आवाराला काय म्हणतात. तो माणूस गोंधळला. चोरी वगैरे होणार असं वाटून त्याने बॅग पोटाशी धरली. मग कळल्यावर म्हणाला, "गोर्ड." तो स्वीडनचाच निघाला. सरांनी त्याच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, डोळे मिटून ऐकला. गाडी आली तेव्हा त्याने खिडकीतून हात हलवत आपण होऊन एकदा "गोर्ड" म्हटलं. सर पुढचे काही दिवस फार खुशीत होते. इतकी वर्षं कागदावर भेटलेला नातेवाईक प्रत्यक्ष भेटला होता.

रानशेतला बालवाडीच्या उद्घाटनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. भाषणात त्यांनी सांगितलं की जर्मनांनी मुलांच्या पहिल्या शाळेला किंडरगार्टन म्हटलं, मुलांची बाग. आणि आपण न ठरवता बालवाडी म्हटलं. मुलं रडत होती, पुढच्या रांगेतली दोन पळून गेली. सर माइकवरून म्हणाले, "जाऊ द्या, कुंपण अजून झालेलं नाही."

वर्गात मात्र ते वेगळे असायचे. एकदा नववीला त्यांनी सांगितलं की युरोपातल्या या उत्तरेकडच्या लोकांनी अख्ख्या जगाला हाच शब्द लावला होता. मधलं आवार. माणसांचं जग म्हणजे एक मोठं आवार, भोवती एका महाकाय राक्षसाच्या पापण्यांचं कुंपण, आणि बाहेर सगळे दैत्य. तलासरीकडची एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. "सर, त्याला झापा होता का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते घरी आले ते तोच प्रश्न घेऊन. ओटीवर शब्दकोश मांडीवर, पण त्यात बघत नव्हते. "मी इतकी वर्षं हा शब्द घोकतोय," मला म्हणाले, "आणि एकदाही मनात आलं नाही. कुंपणाला फाटक नसेल तर आतला माणूस आत राहतो म्हणायचं की अडकलाय म्हणायचं?"

"फाटकाला जर्मनमध्ये काय म्हणतात?" मी विचारलं. मला विषय बदलायचा होता.

"तो वेगळा शब्द," ते म्हणाले, आणि कोयता घेऊन वईकडे गेले.

आता तो तंटा.

वाडी सरांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची सामाईक होती. भाऊ बोरिवलीला. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मुंबईच्या लोकांना डहाणूकडे बंगले हवेसे झाले होते. भावाने गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाइकाची एकच अट: वाडीतून कोणी येता जाता कामा नये. भावाने माणसं लावून दोन्ही झापे काढले आणि तिथे काटेरी तार ठोकली. सर शाळेत होते. घरी आले तर तारेपलीकडे पाड्यावरची जेठीबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी.

"मास्तर, झापा कुठं गेला?"

"भावाने काढला."

"आन् आमी कुठून जाऊ?"

सरांनी तार हाताने ओढून पाहिली. ओढ्याकडून वळसा घालून तास मोडायचा. ती भारा सावरून वळसा घालायला गेली.

पाड्यावरचे लोक मामलेदार कचेरीत गेले. पाहणीचा दिवस ठरला. सगळं एका प्रश्नावर अडलं होतं, वाट वाडीच्या आधीची की नंतर पडलेली. आधीची असेल तर ती बंद करता येत नव्हती. पाड्यावरच्यांचं म्हणणं कोणी धरलं नसतं. सामाईक मालक म्हणून सर काय सांगतात यावर सगळं होतं.

आदल्या संध्याकाळी भाऊ ओटीवर आला. मी माझ्या खोलीच्या दारात होतो, उठून जाणं बरं दिसलं नसतं.

"तू एवढंच म्हण, वाट नव्हती," भाऊ म्हणाला. "पुढचं मी बघतो."

"वाट आहे, दादा."

"लोक जात होते. आपण जाऊ देत होतो. त्याला वाट म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"आता शब्दकोश काढू नकोस, पाया पडतो तुझ्या." भावाने आवाज उतरवला. "शुभाचं काय करणार आहेस? पोरीला पुण्याला जायचंय. आर्किटेक्ट व्हायचंय. तुझ्या पगारात हॉस्टेल झेपणार आहे?"

शुभा सरांची एकुलती मुलगी, बारावीला होती, त्या वेळी शिकवणीला गेली होती. आत भांड्यांचा आवाज थांबला. सर उठून वईकडे गेले. त्या संध्याकाळी चहा आलाच नाही, आणि त्या घरात तसं सहसा होत नसे.

दुसऱ्या दिवशी मामलेदार आले, तलाठी आला. पाड्यावरचे लोक जांभळाखाली उभे होते. भाऊ सफारी घालून जीपपाशी. मला आणि शेजारच्या वाडीवाल्याला पंच म्हणून बोलावलं. मामलेदारांनी विचारलं, "सर, ही वाट जुनी की नवी?"

सरांनी वईतलं एक करवंदाचं डहाळं मोडलं. मग म्हणाले, "साहेब, वाट आधीची. वई माझ्या वडिलांनी नंतर लावली, वाट मोकळी ठेवून लावली. मी लहान होतो, खड्ड्यांत माती मी लोटली."

"लिहून देता?"

"देतो."

एवढंच झालं. घसा खाकरणं नाही, जर्मनी नाही, स्वीडन नाही. सरांनी सही केली. भाऊ म्हणाला, "संपलं," आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. पुढे तो दिवाळीलाही आला नाही. सौदा मोडला. तार निघाली. शुभाने पुण्याचं नाव काढलं नाही, पालघरला रोज जाऊन येऊन बी.कॉम. केलं आणि वापीला बँकेत लागली.

तर खरी गोष्ट अर्ध्या मिनिटाची होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला विचारलं, काय झालं, आणि मी खरंच सांगितलं. सगळे "असं का" म्हणाले आणि पेपर तपासायला लागले. मग संस्कृतचे शिक्षक म्हणाले, "आणि जर्मन? जर्मन काही नाही बोलले?" खसखस पिकली. मला नोकरीला लागून इतकी वर्षं झाली होती, पण स्टाफरूम माझ्याकडे वळून बसलीय असं तोवर कधी झालं नव्हतं.

"बोलले की," मी म्हणालो.

पुढे मी मनाची समजूत घालत असे की यात सरांचंच भलं आहे. गाव त्यांना भावाच्या विरुद्ध गेलेला म्हणणार नाही, चक्रम म्हणेल, आणि चक्रमाला माफ असतं. ही समजूत गोष्ट सांगून झाल्यावर सुचलेली आहे.

गोष्ट सरांपर्यंत जायला फार दिवस लागले नाहीत. शाळेच्या पायऱ्यांवर त्यांनी मला थांबवलं.

"तुझी गोष्ट ऐकली."

"सर, ती आपली गंमत."

"तुझ्या गोष्टीत मी मामलेदारांना वाडी आणि गार्टन एकाच मुळातून काढून दाखवतो. मी कधी तसं म्हणेन का?"

"नाही, सर."

"तेवढं काढ त्यातून."

मी काढलं. बाकीचं ठेवलं. आणि लाज वाटते सांगायला, दुरुस्तीनंतर गोष्ट आणखी रंगली, कारण ऐकणाऱ्याला वाटायचं, इतका बारीक तपशील आहे म्हणजे खरीच असणार.

सर त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. फक्त त्यानंतर स्टाफरूममध्ये त्यांनी तो शब्द काढला नाही. संस्कृतचे शिक्षक छेडायचे, सर चहा प्यायचे. गरम असतानाच. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि त्यांच्या निवृत्तीचा समारंभ चालू होता. तिथेही कोणीतरी ती गोष्ट सांगितली. सर हारात मान खाली घालून बसले होते.

गेल्या वर्षी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मलाही खुर्ची दिली होती. व्यासपीठावरून एका माजी विद्यार्थ्याने, आता तो मोठा कंत्राटदार आहे, गोष्ट सांगितली. त्याने स्वीडननंतर नॉर्वे घातला होता. सभागृह हसून लोळलं. दुसऱ्या रांगेत शुभा होती. तीही हसत होती, सगळ्यांच्या नंतर थांबत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं आणि म्हणालो, "शुभा, ते तसं झालं नाही." आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळचं बोलणंसुद्धा. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. वडील वेडे नव्हते हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही?

तिने हातातली कार्यक्रमपत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मोठ्या काकांनी माझं नाव काढलं होतं."

"हो."

"आणि बाबांनी विचार करून सांगितलं."

"रात्रभर केला असणार."

"मला वाटायचं, शब्दाच्या नादात भान राहिलं नाही त्यांना. आईही काही बोलायची नाही. नादात झालं म्हणून मी कधी रागावले नाही, काका." तिने पर्सचा बंद ओढला. "वेडच बरं होतं. आता रागवायचं तर बाबा नाहीत."

मी माफी मागितली. ती म्हणाली, मागू नका, गोष्ट तुमची चांगली होती, मी वापीला बँकेत सांगायचे. मग म्हणाली, "चला, बघून येऊ."

रिक्षाने गेलो. सर गेल्यावर वाडी तुकड्यातुकड्यांनी गेली. घर नाही. चिकू थोडे आहेत, भिंतीआड. पण पाड्याकडची वाट आहे. आता ती काँक्रीटची आहे, दोन्हीकडे गटार, पाड्यावर पक्की घरं, शाळेची बस पार आत जाते. शुभा मधोमध उभी राहिली आणि चपलेने काँक्रीटवर ठोकून बघू लागली, जसं मडकं पक्कं आहे का ते बघतात.

"तर यात माझं पुणं गेलं," ती म्हणाली. रागाने नाही. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो.

मागून भाजीचा टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. ती हलली नाही. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"ओ मावशी, बाजूला व्हा की. रस्ता काय बापाचा आहे का?"

शुभाने त्याच्याकडे वळून पाहिलं. सभागृहात हसली त्याहून वेगळं, आतून काहीतरी सुटल्यासारखं ती हसली.

"होता," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.